अपग्रेडची सीडी आणि कोरी हार्ड डिस्क

कुंडल (ता. पलूस, जि. सांगली) : विंडोज १० या प्रणालीला मिळणारी नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि घरोघरच्या जुन्या संगणकांचा प्रश्न पुन्हा एकदा ऐरणीवर आला. या निमित्ताने कपाटातील खोकी उघडली जातात. त्यात जुन्या पावत्या, एखादी फ्लॉपी आणि ‘अपग्रेड’ असा शिक्का असलेली विंडोजची सीडी सापडते. मशीन अजून चालू स्थितीत असते, परंतु हार्ड डिस्क बदललेली तरी असते किंवा विषाणूंनी पोखरलेली तरी असते. अशा वेळी पडणारा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वीही हाच होता. अपग्रेडची सीडी ही जुन्या विंडोजवर चढविण्यासाठी असते. मग ती कोऱ्या डिस्कवर चालेल काय?

याचे थोडक्यात उत्तर ‘बहुतेक वेळा चालते’ असे आहे. मात्र ती कशी चालते, हे त्या सीडीच्या पिढीवर अवलंबून असते. प्रत्येक पिढीतील सीडी ग्राहकाकडे जुन्या विंडोजचा पुरावा मागते आणि हा पुरावा कोणता असावा, याविषयीचे मायक्रोसॉफ्टचे मत दर काही वर्षांनी बदलत गेले आहे. प्रथम जुनी फ्लॉपी पुरे होती, नंतर जुनी सीडी लागू लागली, पुढे डिस्कवर प्रत्यक्ष बसविलेली जुनी प्रणालीच हवी, असा आग्रह धरला गेला आणि शेवटी हा पुरावा कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर जाऊन बसला.

या भागात संगणक काही काल-परवा आलेला नाही. शेजारच्या वारणा खोऱ्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्येच सुरू झाला होता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या खेड्यांत संगणकवर्ग उभे राहिले. पतसंस्था, दूध संस्था, शाळा, साखर कारखान्यांची कार्यालये येथे विंडोज ९८ आणि एक्सपी यांनीच पहिली दहा-बारा वर्षे काढली. त्या काळातील ठराव, इतिवृत्ते, सभासद याद्या आणि पत्रव्यवहार आजही त्या मशीनवर किंवा त्यांच्या सीडींवर आहेत. म्हणूनच ही जुनी विद्या अद्याप पूर्णपणे निरुपयोगी झालेली नाही.

अपग्रेड म्हणजे नेमके काय?

विंडोजची खोकी दुकानात दोन प्रकारची मिळत. ‘फुल व्हर्जन’ महाग असे आणि ते कोणत्याही कोऱ्या मशीनवर बसे. ‘अपग्रेड’ स्वस्त असे, कारण ग्राहकाने आधीच्या आवृत्तीचे पैसे यापूर्वीच भरलेले आहेत, असे त्यात गृहीत धरलेले होते. बहुतेकांना वाटे तसे अपग्रेडच्या सीडीत काही कमी नसे. संपूर्ण प्रणाली तिच्यात असेच. फरक होता तो सुरुवातीच्या तपासणीचा आणि सोबतच्या पंचवीस अक्षरी परवाना क्रमांकाचा.

मग जुन्या विंडोजवरच नवी चढवून मोकळे का होऊ नये? अनुभव असा की, विंडोज ९८ वर एक्सपी चढविली की जुने ड्रायव्हर, अर्धवट काढून टाकलेले प्रोग्रॅम आणि रजिस्ट्रीतील कचरा नव्या घरात तसाच राहायला येतो. मशीन मंदावते, छापयंत्र मध्येच रुसते आणि दोष कोणाचा हे शोधता येत नाही. डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसविणे, ज्याला जाणकार ‘क्लीन इन्स्टॉल’ म्हणतात, हा त्यावरील उपाय. त्याला वेळ लागतो. परंतु नंतरचे वर्ष सुखाचे जाते.

फ्लॉपीचा जमाना

विंडोज ९५ ही प्रणाली २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आली. सीडी ड्राइव्ह नसलेल्या ग्राहकांसाठी तिचा १३ फ्लॉपींचा संचही होता. तिच्या अपग्रेड आवृत्तीला कोऱ्या डिस्कवर जुनी प्रणाली सापडली नाही, तर ती विंडोज ३.१ ची पहिली फ्लॉपी मागे. ती दाखवली की काम पुढे सरके. जून १९९८ मधील विंडोज ९८ नेही हीच पद्धत ठेवली. स्टार्टअप फ्लॉपीवरून मशीन सुरू करावयाचे, एफडिस्कने डिस्कचे भाग पाडावयाचे, फॉरमॅट करावयाचे, मग सीडीवरील सेटअप चालवावयाचा आणि विचारणा होताच विंडोज ९५ ची सीडी किंवा ३.१ च्या फ्लॉपी पुढे करावयाच्या. एकंदर हा विश्वासाचा व्यवहार होता. फ्लॉपीला बुरशी लागलेली नसली म्हणजे झाले, आणि कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत ही अट वाटते तितकी सोपी नव्हती.

एक्सपी : जुनी सीडी दाखवा, पुढे चला

आजही जुन्या मशीनवर आढळणारी आवृत्ती म्हणजे २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेली विंडोज एक्सपी. तिच्या अपग्रेड सीडीची एक मोठी सोय होती, ती म्हणजे ही सीडी थेट बूट होते. त्यामुळे स्टार्टअप फ्लॉपीची गरज उरली नाही.

प्रथम बायोसमध्ये जाऊन सीडी ड्राइव्हला पहिला क्रमांक द्यावा. सीडी आत ठेवून मशीन पुन्हा सुरू केले की कोणतेही बटण दाबण्याची सूचना येते. ती पाच-सहा सेकंदच टिकते. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. निळा पडदा आल्यावर एफ ८ दाबून करार मान्य करावा लागतो. यानंतर सेटअप डिस्कवर जुनी विंडोज शोधतो. ती असेल तर प्रश्नच मिटला. डिस्क कोरी असेल, तर आधीची आवृत्ती सापडली नाही, तिची सीडी ड्राइव्हमध्ये ठेवावी, असा निरोप पडद्यावर येतो. घाबरून मशीन बंद करण्याचे कारण नाही. एक्सपीची सीडी काढावी, जुनी ठेवावी, एंटर दाबावे. सेटअप ती वाचतो, ओळख पटली की एक्सपीची सीडी परत मागतो आणि पुढील सर्व काम फुल व्हर्जनप्रमाणेच होते.

पुरावा म्हणून विंडोज ९८, ९८ ची दुसरी आवृत्ती आणि मिलेनियम या सीडी एक्सपीच्या होम आणि प्रोफेशनल या दोन्ही प्रकारांना चालतात. एनटी ४.० वर्कस्टेशन आणि २००० प्रोफेशनल या मात्र फक्त प्रोफेशनललाच चालतात. विंडोज ९५ ची सीडी चालत नाही आणि ३.१ च्या फ्लॉपींचे दिवस तर केव्हाच संपले होते. कित्येकांनी ‘आमच्याकडे ९५ ची मूळ सीडी आहे’ म्हणून अपग्रेड घेतले आणि त्यांची फसगत झाली. खोक्यावर बारीक अक्षरांत ते लिहिलेले असे, पण खोक्याची बारीक अक्षरे आपल्याकडे कोण वाचतो?

याहून मोठी अडचण नामांकित कंपन्यांचे तयार संगणक घेणाऱ्यांची होती. अशा संगणकासोबत विंडोजची मूळ सीडी न मिळता ‘रिकव्हरी सीडी’ मिळे. तीत साऱ्या डिस्कचा एक गठ्ठा साठविलेला असतो. बहुतेक वेळा अपग्रेडचा सेटअप तिला पुरावा म्हणून ओळखत नाही. अशांना लांबचा मार्ग घ्यावा लागे. रिकव्हरी सीडीने आधी जुनी विंडोज परत बसवायची आणि तिच्या साक्षीने एक्सपीचा सेटअप चालवायचा. मग डिस्क पुसून नवी प्रणाली बसविता येई.

डिस्कचे भाग दाखविणारा पडदा येतो तेथे हात थबकला पाहिजे. येथे ‘डी’ अक्षर दाबले की निवडलेला भाग पुसला जातो. ज्यांनी पहिल्यापासून सी आणि डी असे दोन भाग केले आहेत, त्यांनी फक्त सी पुसावा. नवा भाग तयार करताना एनटीएफएस निवडावे. मात्र त्याच मशीनवर विंडोज ९८ ही ठेवावयाची असेल तर तिला एनटीएफएस वाचता येत नाही, हे विसरू नये. एक्सपीची पहिली, सर्व्हिस पॅकविना असलेली सीडी १३७ जीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाही. सीरियल आटा प्रकारच्या डिस्क तर तिला अनेकदा दिसतच नाहीत. तेव्हा सुरुवातीलाच एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागतो. फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या मशीनवर फ्लॉपी मागणारी सीडी, असा तो विनोद आहे.

प्रणाली बसली की ३० दिवसांत ती ‘ॲक्टिव्हेट’ करणे बंधनकारक होते. परंतु तत्पूर्वी एक खबरदारी. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा जगभर पसरला. दुरुस्ती न केलेली एक्सपी इंटरनेटला जोडली की काही मिनिटांतच ती बाधित होई. साठ सेकंदांची उलटी गणती पडद्यावर येई आणि मशीन आपोआप बंद पडे. नव्याने बसविलेली प्रणाली ही सर्वांत असुरक्षित प्रणाली असते, हे तेव्हा अनेकांना प्रथमच कळले. म्हणून ऑगस्ट २००४ मधील सर्व्हिस पॅक २ दुसऱ्या मशीनवरून सीडीवर आणावा, तो आधी बसवावा आणि मगच मोडेमची वायर जोडावी, असा दंडक पडला. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपल्यामुळे आज असे मशीन इंटरनेटला जोडूच नये.

फॉरमॅटमध्ये मराठी जाते ती अशी

प्रणाली पुन्हा बसविता येते, तिची सीडी हाताशी असते. गेलेली अक्षरे मात्र परत येत नाहीत. मराठीत काम करणाऱ्यांचे या प्रकरणात झालेले नुकसान इंग्रजीत काम करणाऱ्यांपेक्षा वेगळे आणि मोठे आहे आणि इंग्रजी मार्गदर्शकांत त्याचा उल्लेखही सापडत नाही.

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ‘आयएसएम’, ‘श्रीलिपी’ अशा पॅकेजांवर टंकित केला जाई. आयएसएम हे पुण्याच्या सी-डॅकचे, श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे. या पद्धतीत फाइलमध्ये साठवले जाते ते खरे मराठी अक्षर नसते. इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतिक क्रमांक साठवले जातात आणि त्या विशिष्ट फॉन्टच्या नजरेतून पाहिले की त्याच जागी ‘क’ किंवा वेलांटी दिसते. फॉन्ट गेला की फाइल जागेवर असूनही वाचता येत नाही. सुरेख छापलेला ठराव उघडावा आणि पानभर इंग्रजी अक्षरे, डॉलर, टक्क्यांची चिन्हे आणि कंस दिसावेत, हा अनुभव घेतलेली कार्यालये महाराष्ट्रात थोडी नाहीत. पुन्हा, एका कंपनीच्या फॉन्टने दुसऱ्या कंपनीचा मजकूर वाचता येत नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असतो.

हे फॉन्ट असतात सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, म्हणजे नेमके त्याच जागी जी जागा क्लीन इन्स्टॉलमध्ये पुसली जाते. ‘माझा सगळा डेटा डी ड्राइव्हला आहे’ असे निश्चिंतपणे सांगणाऱ्याच्या फाइली वाचतात, पण त्या वाचण्याचे साधन नष्ट होते. त्यामुळे डिस्कला हात लावण्यापूर्वी तो संपूर्ण फॉन्ट्स फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्यावा. काय लागेल, काय लागणार नाही, असा विचार करीत बसू नये. पॅकेजची मूळ सीडी आणि परवाना क्रमांक शोधून ठेवावा. काही पॅकेजांना प्रिंटरच्या पोर्टला लावावयाचे छोटे ‘लॉक’ असे. ते संगणकाच्या पाठीमागे धूळ खात असते आणि भंगारवाला नेमके ते घेऊन जातो.

कुंडलच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. तेथील स्थानकाचे जुने नाव ‘कुंडल रोड’ होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेथे वसाहत उभी केली आणि १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घरांत पोहोचले. त्या काळचा शिशाचा खिळा हातात धरता येत होता. हरवला तर कोणत्या पेटीतून हरवला हे जुळाऱ्याला कळत होते. संगणकातील खिळ्यांची पेटी एका बटणाने रिकामी होते आणि महिन्यांनंतर, जुनी फाइल उघडण्याची वेळ येईपर्यंत, ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक्सपीची आणखी एक मराठी अडचण होती. युनिकोडमधील देवनागरी नीट दिसण्यासाठी लागणाऱ्या फाइली तिच्या सीडीत होत्या, परंतु नेहमीच्या पद्धतीने प्रणाली बसविली तर त्या आपोआप बसत नसत. कंट्रोल पॅनेलमधील प्रादेशिक आणि भाषाविषयक पर्यायांत जाऊन, भाषांच्या पानावरील जटिल लिपींच्या चौकोनात खूण करावी लागे. मग सेटअप पुन्हा सीडी मागे. ती खूण केल्याखेरीज ‘मंगल’ फॉन्टमधील वेलांट्या अक्षरांच्या पुढे जाऊन बसत आणि जोडाक्षरे फुटत. घाईने प्रणाली बसवून सीडी परत घेऊन जाणाऱ्या दुरुस्तीवाल्यामुळे कित्येकांनी वर्षानुवर्षे मोडकी मराठी वाचली आणि दोष संकेतस्थळांना दिला. (संकेतस्थळेही निर्दोष नव्हती. मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांना त्या दशकाच्या पूर्वार्धात आपापले फॉन्ट लागत. आमच्या क्षेत्राने युनिकोड स्वीकारण्यास उशीरच केला.) व्हिस्टापासून ही खूण करण्याची गरज उरली नाही.

फॉन्टखेरीज सी ड्राइव्हवर आणखी काय काय दडलेले असते, याची यादी प्रत्येकाची वेगळी असते. डेस्कटॉपवरील आणि ‘माय डॉक्युमेंट्स’मधील सर्व फाइली सीवरच असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आउटलुक एक्स्प्रेसची पत्रे एका लपविलेल्या फोल्डरमध्ये असतात. टॅलीचा डेटा तर अनेक दुकानांत सी ड्राइव्हवरील टॅलीच्याच फोल्डरमध्ये राहिलेला असतो. व्यापाऱ्याचे वर्षभराचे हिशेब त्यात असतात आणि त्याची दुसरी प्रत बहुधा नसते. मध्यंतरी एका परिचितांच्या दुकानातील मशीन प्रस्तुत प्रतिनिधीनेच उत्साहाच्या भरात पुसले होते. टॅली वाचली, कारण ती दुकानदाराने आदल्याच आठवड्यात फ्लॉपीवर घेतली होती. सभासदांची मराठी यादी मात्र दोन माणसांना बसून पुन्हा टंकावी लागली.

भारनियमन आणि अर्धवट सेटअप

२००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने प्रदीर्घ भारनियमन सोसले. कोऱ्या डिस्कवर एक्सपी बसवावयास साधारण तासभर लागे, फॉरमॅट धरून अधिक. त्यामुळे ‘वीज किती वाजता जाणार’ हे पाहूनच सीडी आत टाकण्याची रीत पडली. निळ्या पडद्यावर फाइलींची नक्कल चालू असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुढील चित्रमय टप्प्यात गेली तर वीज आल्यावर सेटअप बहुधा आपणहून पुढे चालू होतो. जुन्या विंडोजवर नवी चढविताना मात्र वीज गेली, तर जुनीही जाते आणि नवीही येत नाही, असे त्रांगडे होऊ शकते. कोऱ्या डिस्कवर गमावण्यासारखे काही नसते, हा क्लीन इन्स्टॉलचा आपल्याकडील एक खास फायदा म्हणावा लागेल.

व्हिस्टाने दार बंद केले

३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या व्हिस्टाने जुनी सीडी दाखविण्याची सोयच काढून टाकली. अपग्रेडची डीव्हीडी बूट होते. परंतु तेथे अपग्रेडचा परवाना क्रमांक टाकला की तो नाकारला जातो आणि आधी विंडोज सुरू करून मग सेटअप चालवा, असे सुनावले जाते. म्हणजे दर वेळी डिस्क बिघडली की आधी एक्सपी बसवा, मग व्हिस्टा. प्रामाणिकपणे दोन्ही विकत घेतलेल्या ग्राहकालाच ही शिक्षा होती.

पहिल्याच दिवसांत यावर तोड निघाली आणि ती व्हिस्टाच्याच पोटातून निघाली. डीव्हीडी बूट करावी, परवाना क्रमांकाची जागा मोकळी सोडावी, आपोआप ॲक्टिव्हेट करण्याची खूण काढावी आणि विकत घेतली असेल तीच आवृत्ती निवडून प्रणाली बसवावी. क्रमांकाविना ती ३० दिवस चालते. मग त्याच डीव्हीडीचा सेटअप नव्या व्हिस्टाच्या डेस्कटॉपवरून पुन्हा चालवावा, या वेळी क्रमांक द्यावा आणि ‘अपग्रेड’ निवडावे. सेटअपला जुनी विंडोज हवी असते. ती स्वतः व्हिस्टाच आहे, याची त्याला फिकीर नसते. एक्सपी किंवा २००० चा परवाना नसताना असे करणे कराराचा भंग ठरते, अशी भूमिका मायक्रोसॉफ्टने घेतली. वाट मात्र बुजविली नाही. दोनदा बसविण्याच्या या खटाटोपात सगळा दिवस जातो आणि जुन्या प्रणालीचा ‘विंडोज.ओल्ड’ नावाचा बोजा डिस्कवर उरतो, तो डिस्क क्लीनअपने काढावा.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ ची गोष्ट जवळपास हीच आहे. कोऱ्या डिस्कवर ती बसते, पण ॲक्टिव्हेट होताना हा क्रमांक केवळ अपग्रेडसाठी असल्याचे सांगून अडते. तिच्यावरही दोनदा बसविण्याचा उपाय चालतो. दुसरा उपाय रजिस्ट्रीतला आहे. ‘मीडियाबूटइन्स्टॉल’ नावाची नोंद १ वरून ० करावी, परवान्याची मुदत नव्याने सुरू करणारी आज्ञा द्यावी, मशीन पुन्हा सुरू करावे. रजिस्ट्रीत चुकीच्या जागी बोट पडले तर प्रणालीच उठत नाही, तेव्हा ज्यांना याची सवय नाही त्यांनी वेळखाऊ असला तरी पहिलाच मार्ग धरावा. एक्सपीवरून येणाऱ्यांना तर ७ ने थेट चढण्याची सोय दिलीच नव्हती. एक्सपी सुरू असताना सेटअप चालवून ‘कस्टम’ निवडणे हाच अधिकृत मार्ग होता, आणि तो व्यवहारात क्लीन इन्स्टॉलच होता.

२६ ऑक्टोबर २०१२ च्या विंडोज ८ ने ‘प्रो’ अपग्रेड भारतात ३१ जानेवारी २०१३ पर्यंत १,९९९ रुपयांत देऊ केले. परवाना विकत घेण्याची सवय नसलेल्या अनेकांनी आयुष्यातील पहिली अधिकृत विंडोज तेव्हा घेतली. वर्षभराने आलेल्या ८.१ च्या खोक्यांतून अपग्रेड हा प्रकारच काढून टाकण्यात आला.

मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांची रीत निराळी होती. ॲपलने २८ ऑगस्ट २००९ रोजी ‘स्नो लेपर्ड’ अमेरिकेत २९ डॉलरना काढली. ती आधीच्या ‘लेपर्ड’धारकांसाठी असली तरी तिची डिस्क जुन्या प्रणालीचा पुरावाच मागत नसे. लिनक्सच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

परवाना कोणाचा?

या सर्व युक्त्यांविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अपग्रेडचा परवाना जुन्या परवान्याला जोडलेला असतो. जुनी विंडोज ९८ एका मशीनवर ठेवून तिच्याच सीडीच्या पुराव्याने दुसऱ्या मशीनवर एक्सपी बसविणे तांत्रिकदृष्ट्या जमते, पण कायदेशीर ठरत नाही. जुना संगणक विकताना अपग्रेड स्वतःकडे आणि मूळ सीडी ग्राहकाकडे, असे केले तर दोघांचीही बाजू लंगडी पडते.

खरे पाहता आपल्याकडे हा प्रश्न थोड्यांनाच पडला. बीएसए या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०११ मध्येही भारतातील वैयक्तिक संगणकांवरील ६३ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या मशीनसोबत विंडोज ‘टाकून’ मिळे आणि ती सीडी नेहमी फुल व्हर्जनचीच असे. चोरीच्या सीडीला कोणताही पुरावा दाखवावा लागत नव्हता; पुराव्याची सारी कटकट पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला आली.

आता पुरावा सर्व्हरवर

२९ जुलै २०१५ रोजी आलेली विंडोज १० पहिले वर्षभर विंडोज ७ आणि ८.१ धारकांना मोफत होती. सुरुवातीला आधी जुन्यावर चढवून मगच कोऱ्या डिस्कवर बसविण्याची मुभा होती. एकदा चढविली की त्या यंत्राची ओळख कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाई आणि नंतर कितीही वेळा डिस्क पुसली तरी क्रमांक लागत नसे. नोव्हेंबर २०१५ च्या सुधारणेनंतर ७ किंवा ८ चा जुना क्रमांक थेट टाकूनही काम होऊ लागले. मोफत योजना २९ जुलै २०१६ रोजी अधिकृतपणे संपली तरी जुने क्रमांक पुढे कित्येक वर्षे चालत राहिले; सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली. ज्यांची नोंद त्यापूर्वी झाली आहे, त्यांना त्याचा त्रास नाही. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली विंडोज ११ हीच डिजिटल नोंद मानते, मात्र ती टीपीएम २.० ही सुरक्षा चिप मागते. मदरबोर्ड बदलला की यंत्राची ओळख बदलते. दुरुस्तीला देण्यापूर्वी परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला आहे काय, हे सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर पाहून घ्यावे.

जुन्या एक्सपी मशीनचे काय, हा प्रश्न उरतो. जुन्या मराठी पॅकेजांचे काही भाग १६ बिटचे आहेत आणि ६४ बिटच्या विंडोजवर असे प्रोग्रॅम चालतच नाहीत. त्यामुळे ते मशीन मोडीत काढण्याची घाई करू नये. इंटरनेटची वायर काढून ते केवळ वाचनासाठी ठेवावे. फॉन्ट्स फोल्डर, पॅकेजची सीडी, लॉक आणि विंडोजची जुनी व अपग्रेड अशा दोन्ही सीडी एकाच पाकिटात, परवाना क्रमांक पाकिटावर लिहून ठेवाव्यात. दरम्यान, महत्त्वाचा मजकूर परिवर्तकाच्या साह्याने युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तकाला मूळ फॉन्टचे नेमके नाव सांगावे लागते. ते नाव जुन्या मशीनवर फाइल उघडून, मजकूर निवडून, वरच्या पट्टीत पाहता येते; मशीन पुसण्यापूर्वी ते कागदावर टिपून घ्यावे. रूपांतरानंतर रफार आणि ‘र’ची जोडाक्षरे तपासावीत, चुका बहुधा तेथेच होतात. जन्मतारखा, रकमा आणि गट क्रमांक तर मूळ छापील प्रतीशी ताडूनच पाहावेत.